वर्गणी कुणाचं देणं फेडते?

आपल्याबरोबर काम करणारी एखादी मैत्रीण अचानक गेली की आपण साऱ्याजणी काय करतो? तिचा फोटो शोधतो, त्याला हार घालतो, दोन मिनिटं उभ्या राहतो. कुणी तिच्या स्वभावाबद्दल बोलतं, कुणाला बोलताच येत नाही. आणि मग एक वही फिरते. पन्नास, शंभर, जिला जे जमेल ते. मुलांच्या फीसाठी, दवाखान्याच्या उधारीसाठी, कधी नुसत्या गाडीभाड्यासाठी. ही वही फिरवणाऱ्या आणि तिच्यात आपलं नाव लिहिणाऱ्या बायांबद्दल मला अपार आदर आहे. पण ही वही पाहिली की मला रागही येतो. तो राग या बायांवर नाही. मग नेमका कुणावर आहे, हे नीट मांडावं म्हणून हा लेख.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी गावपातळीवर काम करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करू लागले, त्याला आता दहाएक वर्षं झाली. आमच्या अभ्यासगटात आम्ही युद्धकाळातल्या स्त्रियांच्या श्रमांविषयी वाचत होतो. तिथं आम्हाला अशीच एक वर्गणी भेटली. ती अमेरिकेतली आहे, १९४३ सालची आहे, आणि वैमानिक स्त्रियांनी आपल्या लाडक्या सहकारिणीसाठी काढलेली आहे. देश, काळ, काम सगळंच आपल्यापासून दूर. तरी ती गोष्ट वाचताना आमच्यातल्या एकीच्याही डोळ्यांत परकेपणा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला पुरुष वैमानिक कमी पडू लागले, तेव्हा सैन्यदलानं स्त्रियांना हाक मारली. ऑगस्ट १९४३ मध्ये आधीच्या दोन तुकड्या एकत्र करून 'विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स' ही संघटना उभी राहिली. आद्याक्षरांवरून तिला 'वास्प' म्हणत. सुमारे २५,००० स्त्रियांनी अर्ज केले, १,८३० जणींना प्रवेश मिळाला आणि १,०७४ जणी प्रशिक्षण पुरं करून वैमानिक झाल्या. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर या गावाजवळच्या तळापर्यंत पोचायचं भाडं ज्या त्या मुलीनं स्वतःच्या पैशानं भरलं होतं.

त्यांचं काम काय होतं? कारखान्यातून बाहेर पडलेली नवी विमानं तळांवर पोचवायची. दुरुस्त झालेली विमानं उडवून तपासायची. विमानामागे लांब दोराला कापडी लक्ष्य बांधून उडायचं, आणि जमिनीवरच्या शिकाऊ तोफचींनी त्या कापडावर खऱ्या दारूगोळ्यानं नेम धरायचा. दोन वर्षांत या बायांनी सुमारे सहा कोटी मैल विमानं उडवली. अडतीस जणी मेल्या. अकरा प्रशिक्षणात, सत्तावीस कामगिरीवर.

मेबल रॉलिन्सन ही त्यातली एक. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावची. तिथल्या ग्रंथालयात ती नोकरी करायची आणि विमान चालवायला शिकली होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प डेव्हिस या तळावर तिची नेमणूक झाली. २३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री, रात्रीच्या उड्डाणाचा सराव करताना, तिचं ए-२४ जातीचं विमान तळाजवळ कोसळलं आणि पेटलं. बरोबरचा प्रशिक्षक विमानाबाहेर फेकला गेला, जबर जखमी झाला, पण वाचला. मेबलच्या आसनावरचं झाकण उघडलं नाही असं मानलं जातं. तिला बाहेर पडता आलं नाही. तळावरच्या तिच्या मैत्रिणी तिथंच होत्या.

पुढचं नीट वाचा. मेबल सैन्याचं विमान उडवत होती, सैन्याच्या तळावर होती, सैन्याच्या हुकमानं त्या रात्री वर गेली होती. पण कागदावर ती 'नागरी कर्मचारी' होती. म्हणून तिचा देह घरी पोचवणं सैन्याला बंधनकारक नव्हतं. मैत्रिणींनी वर्गणी काढली. त्या पैशातून शवपेटी आगगाडीनं मिशिगनला गेली, आणि दोघीजणी तिच्या सोबत गेल्या. ती सैनिक नव्हती, म्हणून शवपेटीवर राष्ट्रध्वज घालायलाही परवानगी नव्हती. घरच्यांनी तो तरीही घातला.

ही वर्गणी एकट्या मेबलसाठी निघाली असंही नाही. वास्पच्या आठवणींमध्ये ही वर्गणी पुन्हा पुन्हा येते. कुणी गेली की उरलेल्या पैसे जमवायच्या आणि एक-दोघी पेटीबरोबर घरी जायच्या. मुलगा युद्धात गेला तर आईवडील खिडकीत सोनेरी तारा लावत. गल्लीतल्या प्रत्येकाला कळायचं की या घरानं काय दिलंय. या मुलींच्या आईवडिलांना तो तारा लावायचा मान नव्हता.

आज ही हकिकत सांगितली जाते तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. केवढं प्रेम होतं त्या मुलींचं एकमेकींवर, असं म्हटलं जातं. प्रेम होतंच. पण प्रेमाच्या कौतुकात एक हिशेब हरवतो. तो पैसा मुळात कुणी द्यायला हवा होता? जिनं कामाला जुंपलं त्या यंत्रणेनं. मग जमवलेली वर्गणी हे सरकारचं देणं होतं, ते बायांनी आपल्या पगारातून फेडलं. आणि पगार तरी किती? वास्पना महिना २५० डॉलर. विमानं पोचवण्याचं तेच काम करणाऱ्या नागरी पुरुष वैमानिकांना ३८०. कमी पगारवालीनं मालकाचं कर्ज फेडायचं आणि वर त्याला भगिनीभाव म्हणायचं, हे मला मान्य नाही.

इथं नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्या स्वेच्छेनं आल्या होत्या. आपण नागरी कर्मचारी आहोत हे त्यांना सही करतानाच ठाऊक होतं. नियम नियम असतो. मग तक्रार कसली?

पहिली गोष्ट. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी' नावाची संघटना अगदी हेच काम करत होती. तीही नागरीच होती. तिच्यातल्या स्त्रियांना १९४३ पासून पुरुषांइतका पगार मिळू लागला, कारण पॉलिन गॉवर या त्यांच्या प्रमुख स्त्रीनं त्यासाठी पाठपुरावा केला. म्हणजे 'नागरी' या शब्दात कमी पगार लिहिलेला नव्हता. तो वेगळा लिहावा लागतो, आणि लिहिणारे हात असतात.

दुसरी गोष्ट. अमेरिकेत विमानं पोचवणाऱ्या दलात नागरी पुरुषही घेतले जात होते. काही महिने काम केल्यावर त्यांना सैन्यात अधिकारी म्हणून सामावून घ्यायची वाट होती. त्याच दारातून आत आलेल्या बाईसाठी पुढचं दार बंद. सुरुवातीच्या तुकडीत तर प्रवेशासाठी स्त्रीकडून पाचशे तासांच्या उड्डाणाचा अनुभव मागत, पुरुषाकडून दोनशे. जास्त अनुभव, कमी पगार, आणि मेली तर वर्गणी.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 'नियम' आभाळातून पडत नाहीत. वास्पना सैन्यात सामावून घेण्याचं विधेयक संसदेत आलं होतं. हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड त्याच्या बाजूनं होते. पण तोवर युद्धाचं पारडं फिरलं होतं, पुरुष वैमानिकांना कामं उरणार नाहीत अशी भीती होती, आणि त्यांनी बायांविरुद्ध जोरदार ओरड केली. २१ जून १९४४ रोजी हे विधेयक १८८ विरुद्ध १६९ मतांनी पडलं. एकोणीस मतं. मेबलनंतर गेलेल्या मुलींच्या शवपेट्यांवरही झेंड्याला परवानगी नव्हती, याचं कारण शोधायचं तर ते या हिशेबात आहे. नशिबात नाही, निसर्गात तर नाहीच नाही.

आता हेझल यिंग लीची गोष्ट. ती पोर्टलंडची, चिनी आईबापांची मुलगी. नोव्हेंबर १९४४ मध्ये मोंटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्स इथं विमान उतरवताना दोन विमानांची टक्कर झाली आणि दोन दिवसांनी, २५ तारखेला, ती गेली. काही दिवसांतच तिचा भाऊ व्हिक्टर फ्रान्सच्या रणांगणावर गेल्याची बातमी घरी आली. एकाच घरातून दोघं गेली. भाऊ सैनिक, बहीण 'नागरी कर्मचारी'. पण पुढे आणखी एक पायरी होती. कुटुंबानं दफनासाठी जागा निवडली, तर दफनभूमीवाल्यांनी सांगितलं की हा भाग गोऱ्यांचा आहे. घरच्यांना भांडून ती जागा मिळवावी लागली. गावकुसाबाहेरची वेगळी स्मशानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि आपण स्त्रियांची चळवळ म्हणवतो, तर आणखी एक गोष्ट झाकता येणार नाही. काळ्या स्त्री-वैमानिकांनी वास्पसाठी अर्ज केले होते. जॅनेट हार्मन ब्रॅग ही त्यातली एक, रीतसर विमान चालवणारी. तिला रंगावरून परत पाठवण्यात आलं, आणि हा निर्णय घेणाऱ्या स्त्रियाच होत्या. संघटनेच्या प्रमुख जॅकलिन कॉक्रन यांचं म्हणणं असं की स्त्रियांचा प्रयोग आधीच नाजूक अवस्थेत आहे, त्यात वर्णाचा वाद नको. 'आत्ता नको' हे वाक्य आपल्यातल्या दलित, आदिवासी, मुस्लिम मैत्रिणींनी आपल्याच व्यासपीठांवरून किती वेळा ऐकलंय? ज्यांना आतच येऊ दिलं नाही त्यांच्यासाठी तर वर्गणीची वहीही फिरत नाही.

२० डिसेंबर १९४४ रोजी वास्प बरखास्त झाली. बाया घरी गेल्या. त्यांच्या कामाचे कागद गोपनीय म्हणून कपाटबंद झाले. युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या दिसल्याच नाहीत. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकी हवाई दलानं स्त्रियांना वैमानिक म्हणून घेतलं, आणि अमेरिकेची लष्करी विमानं पहिल्यांदाच बायका उडवणार अशा बातम्या झळकल्या. पहिल्यांदाच! अडतीस जणींच्या मरणानंतर, सहा कोटी मैलांनंतर, पहिल्यांदाच. पन्नाशी-साठीतल्या त्या बाया पेटून उठल्या.

त्यांची ताकद कशात होती ते पाहा. त्यांनी आठवणी जपल्या होत्या, पण नुसत्या मनात नव्हे. उड्डाणांच्या वह्या, हुकमाचे कागद, पत्रं, फोटो. ट्रंका उघडल्या गेल्या. एका सहकारिणीनं सेवेतून मोकळं करतानाचा कागद जपून ठेवला होता. त्यावरची भाषा सैनिकांना मिळणाऱ्या कागदासारखीच होती. संसदीय समितीपुढे तो कागद फार मोलाचा ठरला. माजी सैनिकांच्या मोठ्या संघटनांनी विरोध केला, तरी नोव्हेंबर १९७७ मध्ये कायदा झाला आणि वास्पना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. त्याच कायद्यानं युद्धात राबलेल्या इतर नागरी गटांनाही अर्ज करायची वाट मोकळी केली. त्या वाटेनं पुढे १९८८ मध्ये मालवाहू जहाजांवरचे खलाशीही आत आले. बायांनी उघडलेल्या दारातून पुरुष आत गेले, याचा उल्लेख क्वचितच होतो.

मग गोष्ट सुखान्त झाली? नाही. २००९ च्या कायद्यानं वास्पना काँग्रेसचं सुवर्णपदक जाहीर झालं आणि मार्च २०१० मध्ये थाटामाटात समारंभ झाला. पाच वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, इलेन हार्मन ही वास्प वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी वारली. आपल्या अस्थी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ठेवाव्यात अशी तिची इच्छा होती. २००२ पासून तशी मुभाही होती. पण २०१५ मध्येच सैन्यदलानं ती काढून घेतली होती. पदक चालेल, जागा नाही. घरच्यांनी तिच्या अस्थी कपाटात ठेवल्या आणि नातींनी मोहीम काढली. मे २०१६ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. ७ सप्टेंबर २०१६ रोजी इलेन हार्मनला तिची जागा मिळाली. मेबलनंतर त्र्याहत्तर वर्षांनीसुद्धा एका वास्पच्या मृत देहाचा हक्क तिच्या घरच्या बायांनाच मागावा लागला.

मैत्रिणींनो, पदक आणि जागा यांतला हा फरक आपल्या फार ओळखीचा आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशाताईंचा गौरव केला. टाळ्या वाजल्या. आणि त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, 'मोबदला'. अंगणवाडीताईला मिळतं ते 'मानधन'. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून हा शब्द तिच्या गळ्यात आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगणवाडीताई हे सरकारी सेवेतलं पद नव्हे. त्याच न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या ताईंच्या खटल्यात मात्र मानलं की त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो आणि त्यापुरतं मानधन हे वेतनच आहे. म्हणजे शब्द बदलता येतो. ताई न्यायालयापर्यंत गेल्या, म्हणून तो बदलला.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातली एक अंगणवाडी मदतनीस घरभेटी आटोपून परतताना रस्त्यावरच्या अपघातात गेली. पोरं तिला मावशी म्हणायची. कुठल्या घरात कुणी जेवलं नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. कर्मचाऱ्याच्या वारसाला जे मिळतं त्यातलं काय मिळेल, हे विचारायला मी तिच्या मुलीबरोबर गेले. एका विमा योजनेचा अर्ज हातात ठेवला गेला आणि सांगितलं गेलं, "ताई, त्या मानसेवी होत्या. कर्मचारी नव्हेत." बोलणारा माणूस उर्मट नव्हता. त्यानं आम्हाला चहा विचारला. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर खरोखरच तसं लिहिलं होतं. बाहेर आलो तर झाडाखाली बसून तिच्या बरोबरीच्या बाया वही फिरवत होत्या.

कॅम्प डेव्हिसच्या मुलींनी पैसे मोजले तेव्हाही बहुधा असंच कुठलंतरी झाड असेल. 'नागरी कर्मचारी' आणि 'मानसेवी' हे दोन शब्द एकाच टाकसाळीतले आहेत. काम घेताना बाई आपली, जबाबदारी येताच ती परकी. आणि ही सोय टिकते ती आपल्या मायेवर. बाया एकमेकींना वाऱ्यावर सोडणार नाहीत याची व्यवस्थेला पुरेपूर खात्री असते. आपली माया हीच तिची बचत.

मग वर्गणी बंद करायची का? मुळीच नाही. जिच्या घरी उद्या चूल पेटायची आहे तिला सिद्धांत ऐकवून चालत नाही. पण वास्पकडून मी जे शिकले ते सांगते. वर्गणीच्या वहीबरोबर दुसरी एक वही सुरू करायची. गेलेल्या मैत्रिणीचं नाव, ती कामावर रुजू झाल्याची तारीख, तिला मिळालेल्या आदेशांच्या नकला, तिच्या भेटींच्या नोंदी, मानधनाचे आकडे, आणि शेवटच्या दिवशी ती कुणाच्या सांगण्यावरून कुठं गेली होती ते. शोकसभेत तिच्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल जरूर बोलूया. त्याच सभेत ही वहीही मोठ्यानं वाचूया. तिचं काय देणं राहिलंय ते सगळ्यांनी ऐकू दे.

आणि वर्गणी जमली की तिची बेरीज एका कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्यांनिशी, संबंधित कार्यालयाला रीतसर द्यायची. वर एवढंच लिहायचं: ही रक्कम आम्ही तुमच्या वतीनं भरली आहे. पोच घ्यायची आणि ती जपून ठेवायची. पैसे परत येतील अशा भाबड्या आशेत मी नाही. पण वास्पच्या बायांनाही १९४४ मध्ये काही परत मिळालं नव्हतं. तेहतीस वर्षांनी कामी आले ते ट्रंकेत ठेवलेले कागद.

आमच्या भागात ही दुसरी वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्या मदतनीस मावशीचं नाव आहे. तुमच्याकडे अशा मैत्रिणींचे कागद असतील, जुन्या डब्यात, फडताळात, गादीखाली, तर ते टाकू नका. आधी नकला काढा.